खानापूरची बाळंतीण कुणाच्या वहीत?

काजूचा हंगाम लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं चोर्ला घाटानं खाली गोव्यात उतरतात. तिथल्या सत्तरी तालुक्यातल्या बागांत दिवसभर बोंडं वेचायची, बी सोडवून पोती भरायची, रात्री बागेतल्याच खोपीत अंग टाकायचं आणि पाऊस लागायच्या आत गाठीला चार पैसे बांधून घर गाठायचं. माझ्या आजीनं हे केलं, शेजारच्या बाया अजून करतात. 2016 साली सत्तरीतल्या पाली गावाकडं काजूच्या कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांना ताप भरला. अंग ठणकून काढणारा, डोकं उठवणारा. तपासणीत तो माकडताप निघाला.

या तापाचं मूळ 1957 सालात आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, त्यामागचा विषाणू शोधून काढला. हा ताप गोचिडीच्या पिल्लांवाटे माणसाला होतो. डिसेंबर ते मे हा पिल्लांचा जोराचा काळ, आणि काजूचा हंगाम नेमका त्याच दिवसांत. वाळक्या पाचोळ्यात बसून बोंडं वेचणाऱ्या बाईच्या पायावर मोहरीएवढं पिल्लू चढलं तर तिला कळतसुद्धा नाही. लागण झालेल्या शंभर माणसांतली तीन ते पाच दगावतात. शिमोग्याकडं अनेक वर्षं दिली जाणारी लस फारशी गुणाची नाही म्हणून 2022 साली थांबवली गेली. हातात उरलं ते गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं डेपा तेल, अंगभर कपडे आणि संध्याकाळी कढत पाण्यानं आंघोळ.

हा रोग कुणाचा म्हणायचा? गोचीड गोव्याच्या रानातली, घाम गाळणारा माणूस कर्नाटकातला, आणि त्याच 2016 साली दोडामार्गच्या केर गावात हाच ताप महाराष्ट्राच्या हद्दीत. रान एकच, सह्याद्रीच्या एका घडीत तीन राज्यांची टोकं बसलेली. तक्त्यात मात्र तीन वेगळ्या ओळी, तीन राजधान्यांकडं जाणाऱ्या. तापानं फणफणलेला मजूर गावच्या डॉक्टरकडं येतो तेव्हा “गेल्या महिन्यात कुठं होतास?” हा एक प्रश्न विचारला तर रोग सापडतो. तो विचारायचा राहिला की टायफॉइडची गोळी मिळते आणि चार-सहा दिवस हातचे जातात.

मी काही वर्षं या भागात घरोघर फिरून आरोग्याच्या पाहण्यांचे फॉर्म भरले आहेत. हातात प्रश्नावली, खांद्याला वजनकाटा. तेव्हापासून माझं मत दरवर्षी पक्कं होत आलंय. सीमाभागातल्या दुखण्यांची मोजदाद राज्याच्या हद्दीनं करणं चूक आहे. माणूस जिथं राबायला जातो, जिथं माहेरी जातो, जिथं औषधपाणी करतो आणि ज्या भाषेत आपलं दुखणं सांगतो, तिथवर मोजणीनं त्याच्या मागं गेलं पाहिजे. तसं होत नाही तोवर कुणाच्या वाट्याला आजार जास्त येतो आणि का येतो, हे आपल्याला कळणारच नाही.

साथरोगशास्त्र म्हटलं की पटकी आणि प्लेग डोळ्यांपुढं येतात. पण हे शास्त्र मुळात मोजणीचं. एकाच गावात एकीला झालं आणि दुसरीला नाही, ते का, हे शोधण्याचं. आणि बेळगावनं या शास्त्राला दिलेलं देणं लहान नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली आज लोक सकाळी फिरायला येतात. तिथं एकेकाळी देवीची लस तयार होत होती, आणि ती लस टोचून टोचूनच हा देश 1977 साली देवीमुक्त जाहीर झाला. अलीकडचं उदाहरण तर त्याहून मोठं आहे, आणि आमच्याच बायकांना ते ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही आणि बाई तासा-दोन तासांत हातची जाते, हे आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं मरण. त्यावरचं नेहमीचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागतं. रानातल्या उपकेंद्रात फ्रीज कुठला? आणि असला तर वीज कुठली? 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायका. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. गोळी देणारी नर्सबाई, डॉक्टर नव्हे. बिनऔषधी गोळी घेतलेल्या बायकांत शेकडा 12 जणींना जादा रक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत 6.4 जणींना. म्हणजे जवळपास निम्मा. 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आज आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात सुईण ही गोळी बाळंतिणीच्या हातावर ठेवते, त्यामागं बेळगाव जिल्ह्यातल्या 1620 बायकांनी दिलेला होकार आहे. त्यांच्यात मराठी बोलणाऱ्या होत्या, कन्नड बोलणाऱ्या होत्या. रक्ताला भाषा नसते असं म्हणतात ते इथं खरं.

पण ते रक्त अंगावर जातंय हे कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगायला भाषा लागते. तिथून माझी तक्रार सुरू होते.

एका पाहणीत आमच्या हातातली प्रश्नावली फक्त कन्नडमध्ये होती. जांबोटीच्या पलीकडचं एक गाव. ओसरीवर बसलेली तिशीतली बाई, मांडीवर पोर. माझ्यासोबतची मुलगी धारवाडकडची, कामाला चोख, बोलायला गोड. तिनं कागदावरचा प्रश्न वाचला: ‘बिळी सेरगु’चा त्रास आहे का? कन्नडमध्ये श्वेतप्रदराला बिळी सेरगु म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर पांढरा पदर. त्या बाईला बाजारापुरतं कन्नड येत होतं. तिनं आपल्या लुगड्याच्या पदराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही. फॉर्मवर ‘इल्ला’ची खूण झाली. मी तिला आमच्या बोलीत विचारलं, “वैनी, अंगावरनं पांढरं जातंय का वो?” तिनं पोराला खाली ठेवलं. “दोन वर्सं झाली बाई,” म्हणाली, “कंबर धरून उठवत न्हाई.” मग पंधरा मिनिटं ती बोलत होती आणि मी लिहीत होते.

मी सोबत नसते तर ती बाई आकडेवारीत निरोगी म्हणून गेली असती. त्या दिवशी दुसऱ्या वाडीत गेलेल्या जोडीत मराठी बोलणारं कुणी नव्हतं. तिथल्या किती बायका निरोगी म्हणून लिहिल्या गेल्या, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. यात त्या धारवाडच्या मुलीचा दोष तिळभर नाही. कागद ज्यांनी छापला त्यांनी बेळगाव जिल्हा म्हणजे एकभाषी जिल्हा असं धरून छापला. संशोधनात भाग घेणाऱ्याला कळेल त्या भाषेत संमती घ्यावी, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 सालची नीतितत्त्वं सांगतात, आणि मोठ्या अभ्यासांत ते बऱ्यापैकी पाळलंही जातं. रोजच्या सरकारी कागदाला हा नियम कुणी लावत नाही. गरोदरपणाचं तायी कार्ड घ्या. धोक्याची लक्षणं त्यावर छापलेली असतात ती कन्नडमध्ये. पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर धावा, ही सूचना जिच्यासाठी आहे तिलाच वाचता येत नाही.

याला नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: इथल्या मराठी माणसांना कन्नड येतं. येतं की. मलाही येतं, आणि त्या भाषेवर माझा राग नाही. बाजारात, बसमध्ये, कचेरीत आम्ही ती रोज बोलतो. पण कांद्याचा भाव विचारायची भाषा आणि अंगावर काय जातंय ते सांगायची भाषा वेगळी असते. हाच न्याय उलट बाजूलाही लागू आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोटच्या, सांगलीतल्या जतच्या खेड्यात कन्नड बोलणाऱ्या आजीला मराठी फॉर्म वाचून दाखवला जातो, तेव्हा तीही मान हलवते. तिचं दुखणंही तसंच कोरं राहतं. मी मागते ते दोन्हीकडच्या बायकांसाठी मागते.

भाषेइतकाच गुंता आहे तो माहेराचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, गडहिंग्लजच्या मुली बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत दिलेल्या, इकडच्या तिकडं. सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यावरून रोटीबेटी कधी थांबली नाही. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणजे गरोदर बाईचं नाव नोंदतं कर्नाटकात, इंजेक्शनं होतात कर्नाटकात, सातव्या महिन्यात ओटी भरून ती जाते महाराष्ट्रात, बाळंत होते तिथल्या दवाखान्यात, आणि सव्वा महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी, बाळाला घेऊन परत येते. ज्या आठवड्यांत तिच्या आणि बाळाच्या जिवाला सगळ्यांत जास्त धोका, नेमके तेच आठवडे ती आमच्या वहीत नसते. आम्ही रकान्यात ‘गावी नाही’ असं लिहायचो. एका वर्षी एकाच गावात सलग चार नावांपुढं मी ते लिहिलं. चौथीच्या बाळाचं काय झालं ते मला तिच्या जावेकडून बेळगावच्या भाजी मार्केटात कळलं, पाहणी संपून दोन महिने झाल्यावर. बाळ गेलं होतं. वहीत अजून ‘गावी नाही’च आहे.

असे किती रकाने जिल्ह्याच्या आकड्यात मिसळून जातात? 2018-20 या काळाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार लाखभर जिवंत जन्मांमागं मातामृत्यू कर्नाटकात 69, महाराष्ट्रात 33. देशाचा आकडा 97. हे आकडे राज्याचे. अमुक राज्य पुढं, तमुक मागं, एवढंच त्यांतून कळतं, आणि मग आपल्याकडं त्यावर भाषणं होतात. पण चंदगड खरोखर 33 मध्ये मोडतं का? खानापूर 69 मध्ये? घाटमाथ्यावरची ही दोन्ही तालुक्यांची गावं एकमेकांसारखी आहेत, पुण्यासारखी किंवा बंगळुरूसारखी नाहीत. आमगावसारख्या गावात पावसाळ्यात रस्ता बुडाला की आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. बेळगाव शहरात मात्र मोठमोठी रुग्णालयं ओळीनं उभी आहेत. आमगाव आणि शहर यांची सरासरी काढली की जो आकडा येतो तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांवर होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी अशा एका जिल्ह्यात साधारण नऊशे घरं पाहते. जिल्ह्याच्या अंदाजाला ती पुरतात, रानातल्या वाड्यांच्या अंदाजाला पुरत नाहीत. मजा अशी की याच पाहणीत मुलाखत कुठल्या भाषेत झाली आणि बाईची मायबोली कुठली, हे दोन्ही नोंदलेलं असतं. तो तपशील जिल्ह्याच्या पत्रकात मात्र येत नाही. कच्च्या आकड्यांत पडून राहतो.

राबणाऱ्यांच्या दुखण्याचं तर विचारूच नका. निपाणीत सुपात जर्दा आणि टेंभुर्णीची पानं घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका, जर्द्याच्या धुळीत आयुष्य काढलेल्या वखारीतल्या बायका. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीनं हमरस्ता अडवला, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. भावाचं मोल तेव्हा साऱ्या देशाला कळलं. छातीचं अजून कळलेलं नाही. तसंच फाउंड्रीचं. आमची पोरं कोल्हापूरच्या शिरोलीत, बेळगावच्या उद्यमबागेत साच्याच्या वाळूत काम करतात. वाळूच्या बारीक धुळीनं होणारा सिलिकोसिस एक्स-रेत टीबीसारखा दिसतो, आणि तो असला की टीबीही लवकर धरतो. पोरगा खोकत गावी येतो तेव्हा त्याच्या कार्डावर टीबी लागतो, कारखाना आणि जिल्हा दोन्ही मागं राहतात.

याउलट उपचाराला माणसं हद्द मानतच नाहीत. अथणी-रायबागचा रुग्ण मिरजेला जातो. तिथं 1894 साली वानलेस डॉक्टरांनी रुग्णालय काढलं, तेव्हापासूनची ही वाट. चंदगडचा माणूस बेळगावला येतो. खानापूरचा गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो, आणि 2018 पासून तिथं बाहेरच्यांना पैसे मोजावे लागतात. सरकारांना रोगाच्या बाबतीत सीमा आठवते ती अडवायच्या वेळी. 2021 साली सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडी पुढं सोडत नव्हते, ते आपण सगळ्यांनी सोसलंय. माणूस अडवायला दोन राज्यांची यंत्रणा एका रात्रीत उभी राहते. त्याच माणसाचा आजार एका वहीतून दुसऱ्या वहीत पोचवायला मात्र साठ-सत्तर वर्षं पुरलेली नाहीत.

कुणी म्हणेल, आरोग्य हा राज्याचा विषय, माहिती कोण कुणाला देणार? पण टीबीची नोंद 2012 पासून ‘निक्षय’ या एकाच देशव्यापी यंत्रणेत होते. साथींची माहितीही आता देशाच्या एकाच पोर्टलवर चढते. भिंत संगणकात नाही. ती तालुक्याच्या आढावा बैठकीत आहे, कारण तिथं शेजारच्या तालुक्याचा अधिकारी कधी बोलावलाच जात नाही. आणि कुणाचं नाव-गाव फोडायची गरजही नाही. किती बाळंतपणं माहेरी झाली, किती बाळं दगावली, ताप घेऊन परतलेले मजूर कुठून आले, एवढे आकडे दोन तालुक्यांनी महिन्याला एकमेकांना द्यावेत. भाषेची नोंद केली की राजकारण पेटेल, अशी भीतीही घातली जाते. ते पेटायचं तसं पेटतच असतं. न मोजल्यानं दुखणं कमी झाल्याचं कुठं ऐकलेलं नाही.

आता थोडं आपल्या माणसांशी. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळताना, 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या दाव्याच्या तारखा मोजताना, पाटीवरच्या अक्षरांसाठी रस्त्यावर उतरताना मी आपल्या लोकांबरोबर राहिले आहे, आणि त्याची मला लाज नाही. 2023 साली महाराष्ट्रानं आपली जनआरोग्य योजना या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडं निवेदनं झाली. त्या सगळ्या गदारोळात या गावांतली माणसं कशानं आजारी पडतात, हे कुणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नाही. दुकानावरच्या पाटीसाठी जेवढा घसा आपण कोरडा केला त्याच्या चौथाईनं तायी कार्डावरच्या अक्षरांसाठी केला असता तर? ती मागणी कुणाला नाकारता येण्यासारखी नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक शेकडा 15 वा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशाच्या पातळीवर कधीचंच ठरलेलं आहे. घटनेच्या 350 ब कलमानं त्यासाठी अधिकारीही नेमलेला आहे. बाळंतिणीच्या जिवाच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना ती कुठली?

संशोधकांकडंही एक मागणं आहे. बेळगावात 2006 सालापासून आयसीएमआरची संस्था आहे, जुनं नावाजलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे, मातांची आणि नवजात बाळांची नोंद ठेवण्याचा वर्षानुवर्षांचा सराव आहे. नागपूर आणि बेळगाव संशोधनाच्या एकाच आंतरराष्ट्रीय जाळ्यात बसून एकाच पद्धतीनं बाळंतपणं मोजू शकतात, तर खानापूर आणि चंदगड का नाही? त्या मोजणीतून निघालेलं ज्यांच्या घरातून निघालं त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या बोलीत परत जावं. 1620 बायकांना त्यांच्या होकाराचं पुढं काय झालं ते कुणीतरी सांगावं. त्यांतल्या कितीतरी आता सासवा झाल्या असतील, सुनेच्या बाळंतपणाला उशाशी बसत असतील.

आणि काजू. डिसेंबर लागायच्या आत खानापूरच्या आणि सत्तरीतल्या वाळपईच्या डॉक्टरांनी एकदा समोरासमोर बसावं, दोडामार्गच्यांनाही बोलवावं. कुठल्या रानात माकडं मेली ते एकमेकांना फोनवर सांगावं. चोर्ल्याच्या वाटेवर, जिथून मजुरांच्या गाड्या उतरतात तिथं, आशा कार्यकर्तीनं डेपा तेलाची बाटली आणि मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेला एक कागद हातात द्यावा: परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा, मी सत्तरीत होते.